व्हानच्या फोटोतले हात : देश सोडलेल्यांची चित्रं

टर्पेंटाईन

१९१२ साली ऑटोमन साम्राज्यातल्या व्हान शहरात एका आर्मेनियन बाईने मुलाला शेजारी उभं करून फोटो काढून घेतला. बाई बसलेली, अंगावर फुलाफुलांच्या भरतकामाचा लांब एप्रन. मुलगा सात-आठ वर्षांचा, कोट घातलेला, हातात फुलं. नवरा आधीच अमेरिकेला गेला होता. बायको-मुलाची आठवण राहावी म्हणून त्याला पोस्टाने पाठवायचा हा फोटो.

तीन वर्षांनी आर्मेनियनांची कत्तल सुरू झाली. मायलेकरं जीव मुठीत धरून येरेवानला पोचली आणि तिथे १९१९ मध्ये ती बाई अन्नावाचून मेली. मुलगा धाकट्या बहिणीबरोबर १९२० साली अमेरिकेत आला. त्याचं नाव वोस्तानिक अदोयान. जगाला तो ठाऊक आहे अर्शिल गॉर्की या नावाने. हे नाव त्याने स्वतःच घेतलं आणि आपण रशियन आहोत, लेखक मॅक्सिम गॉर्कीचे नातलग आहोत अशी थापही बिनदिक्कत ठोकून दिली. (मॅक्सिमचंही ते टोपणनावच, त्यामुळे नातं जुळणार कुठून!) मला ही थाप समजू शकते. त्या काळच्या अमेरिकेत ‘उपाशी आर्मेनियन’ हा दानपेटीवरचा शब्द होता. ताटात काही टाकलं की मुलांना आया त्यांचीच आठवण करून द्यायच्या. कोणाला आयुष्यभर दानपेटीवरचं चित्र होऊन राहायचं असतं?

पण तोच माणूस १९२६ च्या सुमारास तो फोटो समोर ठेवून ‘द आर्टिस्ट अँड हिज मदर’ काढायला बसला. एकाच चित्राच्या दोन प्रती आहेत. एक न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात, दुसरी इथे वॉशिंग्टनला नॅशनल गॅलरीत. पहिलीवर त्याने दहाएक वर्षं काम केलं, दुसरीवर त्याहून जास्त. रंग लावायचा, पुरता वाळू द्यायचा, मग रेझर ब्लेडने खरवडायचा, बाथटबवर कॅनव्हास धरून ओल्या फडक्याने भुकटी पुसायची आणि पुन्हा रंग. म्हणून तो पृष्ठभाग चिनी मातीच्या भांड्यासारखा गुळगुळीत दिसतो. फोटोत एप्रनवर भरगच्च फुलं आहेत, चित्रात एप्रन कोरा. आणि हात! आईचे हात म्हणजे नुसते पुसट गोळे. बोटंच नाहीत. इतकी वर्षं घासूनही हात अपुरेच.

हे सगळं आठवायचं कारण असं, की इथल्या मंडळांच्या गणेशोत्सवात चित्रप्रदर्शन असतं. बहुतेक ठिकाणी तेच : वाड्याचा दरवाजा, तुळशी वृंदावन, वारी, बैलगाडी, आणि वारली तर असतेच असते. काढणारा माणूस वीस-पंचवीस वर्षं व्हर्जिनियात राहतोय. पण व्हिसाची रांग, बेसमेंटमध्ये भरून ठेवलेल्या बॅगा, पहाटे तीनला भारतातून आलेला फोन, विमानतळावर काचेच्या अलीकडे राहिलेले आईवडील यातलं काहीच कोणी काढत नाही. माझं मत सांगून टाकतो. सोडून आलेलं घर काढलं म्हणजे स्थलांतराचं चित्र झालं असं नाही. घर आणि आपण यांच्यामध्ये जे अंतर पडलं ते दिसलं पाहिजे. गॉर्कीने फोटोत असलेली फुलं काढून टाकली आणि हात पुसून टाकले, तेव्हा मला ते अंतर दिसतं.

तुम्हाला काय वाटतं? आणि कोणाला अशी दुसरी चित्रं आठवतात का?

पेठेतला

लेख चांगला, पण निष्कर्ष घाईचा. आधी चरित्र वाचायचं, डोळे भरून घ्यायचे आणि मग चित्राकडे बघायचं, असं केलं की प्रत्येक डाग दुःखाचा दिसतो. गॉर्की त्या काळात आधी फ्रेंच चित्रकार सेझान आणि मग पिकासोचं उघड अनुकरण करत होता, तो स्वतःही ते लपवत नसे. चेहऱ्यावर मेहनत आणि हात नुसते आकारापुरते, हे त्या काळच्या अनेक चित्रांत सापडेल. हात जमले नसतील, सोडून दिले असतील. आई उपाशी मेली नसती तर त्याच हातांना तुम्ही ‘आधुनिक सुलभीकरण’ म्हणाला असतात.

टर्पेंटाईन

पेठेतले, ‘जमले नसतील’ हे मात्र मान्य नाही. गॉर्की आंग्र या फ्रेंच चित्रकाराचा भक्त होता आणि त्याची रेखाटनं पाहिलीत तर हात कच्चा नव्हता हे लगेच कळतं. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये त्याने कोळशाने काढलेला आईचा चेहरा आहे, तो काढणाऱ्याला बोटं अवघड नव्हती. बरं, आणखी एक. १९४४ सालच्या त्याच्या एका चित्राचं नावच मुळी ‘हाउ माय मदर्स एम्ब्रॉयडर्ड एप्रन अनफोल्ड्स इन माय लाइफ’ असं आहे. ते सिॲटलला आहे. त्यात आई नाही, एप्रन म्हणून ओळखू येईल असंही काही नाही. नुसते पातळ, ओघळणारे रंग. आधीच्या चित्रात जी फुलं पुसली ती इथे अशी बाहेर आली असं मला वाटतं. अनुकरणाने एवढं होत नाही.

शेवंती

मी न्यू जर्सीत एडिसनला राहते, वय सत्तरच्या पुढे. तुम्ही ज्या वृंदावनांची चेष्टा केलीत त्यातली दोन-चार माझीच असतील, आमच्या मंडळात दर वर्षी लावते. राग नाही आला, पण एक विचारते. तुम्ही म्हणता अंतर दिसलं पाहिजे. अहो, ते तर मला चोवीस तास दिसतं. जावई-नातवंडं इंग्रजीत बोलतात तेव्हा दिसतं, बर्फ पडला की दिसतं, डॉक्टरकडे लेक माझ्या वतीने बोलते तेव्हा तर फारच दिसतं. दुपारचे दोन तास मी ब्रश हातात घेते ते ते न दिसावं म्हणून. आमच्या मिरजेच्या घराचं वृंदावन आता नाही, तिथे सहामजली इमारत आहे. ते कुठेतरी असावं म्हणून मी काढते. त्यात कला नसेलही. पण स्थलांतराचा अनुभव नाही असं कसं म्हणता?

आणि व्हिसाची रांग काढून घरात लावणार कोण? तुम्ही लावाल?

खारफुटी

शेवंतीताई, शेवटचा प्रश्न झकास!

मला या धाग्यात जेकब लॉरेन्स हा कृष्णवर्णीय अमेरिकन चित्रकार यायला हवा होता. टर्पेंटाईन, तुम्ही तर वॉशिंग्टनच्या जवळ राहता, म्हणजे तिथलं फिलिप्स कलेक्शन हे संग्रहालय गाठलंच असेल. त्याची ‘मायग्रेशन सिरीज’ ६० चित्रांची आहे, १९४०-४१ मधली. अमेरिकेच्या दक्षिणेतून लाखो कृष्णवर्णीय माणसं उत्तरेकडच्या कारखान्यांत कामाला गेली, त्यांची गोष्ट. इथे देश बदललेलाच नाही, फक्त आगगाडी बदललीय. तरी ते स्थलांतरच.

हे वाचताना मला आमचा लालबाग-परळ आठवतो. माझे आजोबा देवगडकडून गिरणीत आले. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे गाववाले, खाणावळीतलं जेवण, दर महिन्याची मनीऑर्डर, गणपती-शिमग्याला गावी धाव. पासपोर्ट लागला नाही म्हणून ते परके नव्हते का? याच्यावर लावण्या झाल्या, पोवाडे झाले, नाटकं झाली. चित्रं किती झाली? सुधीर पटवर्धन हे एक नाव पटकन येतं. पुण्याहून मुंबईला आलेला, ठाण्यात रेडिऑलॉजिस्ट म्हणून काम करत चित्रं काढणारा माणूस. इराण्याच्या हॉटेलात बसलेला, लोकलमध्ये उभा असलेला साधा माणूस त्यांनी सत्तरीच्या दशकापासून रंगवला. गावाची आठवण वगैरे तिथे कुठेच नाही. आहे ते फक्त शहरात माणसाचं शरीर कसं बसतं, कसं आखडतं ते.

टर्पेंटाईन

खारफुटी, लॉरेन्स मुद्दाम मागे ठेवला होता, कोणीतरी आणेल म्हणून. १९४२ मध्ये ती मालिका दोन संग्रहालयांनी वाटून घेतली : विषम क्रमांकाची चित्रं फिलिप्सकडे, सम क्रमांकाची न्यूयॉर्कच्या मोमाकडे, म्हणजे तिथल्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाकडे. एका स्थलांतराची गोष्ट अशी दोन गावांत विभागली गेली.

कामाची पद्धत मला फार आवडते. लॉरेन्स तेव्हा जेमतेम तेविशीचा. आधी त्याने साठही चित्रांच्या ओळी लिहून काढल्या. मग चित्रांचे साठही फळे (बोर्ड) एकदम मांडले आणि एकेक रंग घेऊन साठांवर फिरवला. म्हणजे काळा घेतला की जिथे जिथे काळा हवा तिथे सगळीकडे काळा, मग पुढचा रंग. त्यामुळे पहिल्या चित्रातला पिवळा आणि शेवटच्या चित्रातला पिवळा तंतोतंत तोच आहे. फळ्यांना अस्तर लावायला आणि ओळी नीट करायला ग्वेन्डोलिन नाइट मदतीला होती, पुढे ती त्याची बायको झाली. ती स्वतः बार्बेडोसची, लहानपणीच अमेरिकेत आलेली.

आणि त्याने स्वतः हा प्रवास केलाच नव्हता! प्रवास केला आईवडिलांच्या पिढीने, तो जन्मला न्यू जर्सीत. त्याने गोष्टी ऐकल्या, न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या लायब्ररीत बसून वाचलं आणि काढलं. पंधराव्या चित्रात जमावाने फाशी दिल्याची गोष्ट आहे. प्रेत कुठेच नाही. एक फांदी, रिकामा फास आणि खाली गुडघ्यात डोकं घालून बसलेलं एक माणूस. एकोणपन्नासाव्यात उत्तरेतलं हॉटेल आहे, गोरे एकीकडे, काळे दुसरीकडे, मधून नागमोडी पिवळी दोरी. जिथे न्याय मिळेल म्हणून गेले तिथलं हे जेवणघर.

शेवंतीताई, चेष्टा नव्हती. पण तुमचं ‘ते कुठेतरी असावं म्हणून’ हे वाक्य माझ्या लेखाला चांगलंच उत्तर आहे. तरी माझा हट्ट सोडत नाही : मग त्या वृंदावनाच्या मागे ती सहामजली इमारत का नको?

शेवंती

कारण ती कुरूप आहे, म्हणून नको.

बार्देशकर

गोव्याहून. चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सोझाचं नाव अजून कोणीच कसं घेतलं नाही? साळगावचा पोर, १९२४ चा जन्म. बाप लहानपणीच गेला, आई मुंबईत शिवणकाम करून जगवायची. देवी आल्या, त्यातून वाचला म्हणून सेंट झेवियरला केलेल्या नवसाप्रमाणे ‘फ्रान्सिस’ नाव. लोक त्याचं स्थलांतर १९४९ पासून मोजतात, म्हणजे तो लंडनला गेला तेव्हापासून. पण पहिलं स्थलांतर साळगाव ते मुंबई हेच. गोवा पोर्तुगीजांकडे होता, म्हणजे मुंबईला जाणं ही तेव्हा चक्क सरहद्द ओलांडणं होतं. धोबीतलावच्या बाजूला आमच्या गावागावांच्या कुडी, म्हणजे गावकऱ्यांच्या राहायच्या जागा होत्या, काही अजून आहेत. बोटीवर चढायची वाट बघणारे तारवटी (खलाशी) तिथे नाममात्र भाड्यात राहायचे. पेटी भिंतीला, अल्तार म्हणजे वेदी समोर, संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. गाव बरोबर घेऊनच निघायची पद्धत.

सोझाने तोच अल्तार लंडनला नेला आणि फोडला. टेट गॅलरीत त्याचं १९५९ चं ‘क्रुसिफिक्शन’ आहे. काळ्या, जाड रेषा, काट्यांनी भरलेला ख्रिस्त, दात दाखवणारी माणसं. यात घरची ओढ शोधून दाखवा! मला त्यात लहानपणी चर्चमध्ये बसलेल्या मुलाची भीती दिसते, आणि लंडनमध्ये पहिली पाच-सहा वर्षं कोणी विचारलं नाही त्याचा संतापही. १९५५ ला गॅलरी वनमध्ये प्रदर्शन झालं तेव्हा कुठे दिवस पालटले. पुढे १९६७ ला न्यूयॉर्क. तिथे पुन्हा दुर्लक्ष. आता त्याची चित्रं लिलावात कोट्यवधींना जातात, ते सोडा.

म्हणून दोन्ही बाजूंना सांगतो, वृंदावन की व्हिसाची रांग हा वादच चुकीचा. माणूस राग घेऊन निघालेला असू शकतो. गाव सोडताना सगळेच रडत नाहीत, काही सुटलो म्हणतात.

खारफुटी

‘सुटलो म्हणतात’ याला अनुमोदन. आमच्या आजीला मुंबई आवडली कारण इथे नळ होता आणि सासू नव्हती.

धुकंवाला

बर्मिंगहॅमहून एक नोंद. इथल्या संग्रहालयात फोर्ड मॅडॉक्स ब्राउनचं ‘द लास्ट ऑफ इंग्लंड’ आहे, १८५५ मध्ये पुरं झालेलं. इंग्लंड सोडून ऑस्ट्रेलियाला निघालेलं जोडपं बोटीवर बसलंय. नवरा घुश्शात, बायको समोर बघतेय, दोघांपैकी कोणीही किनाऱ्याकडे वळून बघत नाही. कठड्याला कोबीचे गड्डे टांगलेत, लांबच्या प्रवासाची भाजी. बाळ दिसतच नाही. शालीतून त्याचा इवलासा हात तेवढा दिसतो, आईने धरलेला. हातांचा विषय निघाला म्हणून सांगितलं.

मौज म्हणजे, वसाहतवाल्या देशाचंही हे दुःख होतं हे आपण विसरतो. ब्राउनचा शिल्पकार मित्र वूल्नर ऑस्ट्रेलियाला गेला त्यावरून हे सुचलं, पण नवरा-बायको म्हणून त्याने स्वतःला आणि आपल्या बायकोला, एमाला बसवलं. पैशांची इतकी चणचण होती की तो स्वतःही देश सोडायच्या विचारात होता. कुठे? हिंदुस्थानात! कंपनीच्या राज्यात नशीब काढायला. आला असता तर आपल्याकडच्या धाग्यांत त्याला शिव्या पडल्या असत्या.

नवगावकर

मी इस्राएलमध्ये अश्दोदला असते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, घरात अजून मराठी. आजोळ अलिबागजवळ. आमचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून लागले ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली, म्हणजे आमची सुरुवातच स्थलांतरातून.

तुमच्या यादीत सियोना बेंजामिन घाला. मुंबईत वाढलेली बेने इस्राएल चित्रकार, जे.जे.ची विद्यार्थिनी, बरीच वर्षं न्यू जर्सीत. तिच्या ‘फाइंडिंग होम’ मालिकेत बायका निळ्या कातडीच्या असतात. लोकांना वाटतं कृष्ण. तिचं म्हणणं वेगळं आहे. आकाश आणि समुद्र कोणत्याच देशाचे नसतात, तो निळा. काढायची रीत लघुचित्रांची, कागदावर गुआश (अपारदर्शक जलरंग), सोन्याची कड, पण विषय तोराह या ज्यूंच्या धर्मग्रंथातल्या बायकांचे. एका चित्रात बाईला देवीसारखे अनेक हात आहेत आणि त्या हातांचाच मेनोरा, म्हणजे ज्यूंचा अनेक फांद्यांचा दिवा झालाय. शेजारी बांगड्या, साडी आणि अमेरिकन झेंड्याचे पट्टेही सापडतात.

मला ही चित्रं जवळची का वाटतात ते सांगते. आमचे लोक १९४८ नंतर इकडे ‘घरी’ आले. आल्यावर इथल्या धर्मपीठाने लग्न लावायला कां-कूं केली, तुम्ही पुरते ज्यू आहात का म्हणून. धरणी-मोर्चे झाले, १९६४ ला संसदेने ठराव करून बरोबरीचे मानले. भारतात आम्ही शनवार तेली, म्हणजे शनिवारी काम बंद ठेवणारे तेली, इथे ‘हिंदी’. आता याचं चित्र काढायचं तर कोणत्या घराचं काढणार? वाड्याचं की किब्बुत्झचं, म्हणजे इथल्या सामुदायिक शेतवस्तीचं? कातडीलाच रंग द्यावा लागतो.

शेवंतीताई, आमच्याकडे अजून मलिदा होतो. पोहे, नारळ, खजूर. कधी आलात तर खायला या.

पेठेतला

नवगावकर, उत्तम प्रतिसाद, हे नाव मला नवीन आहे.

माझी शंका उरतेच, फक्त दिशा बदलतो. परदेशातल्या गॅलऱ्यांना ‘ओळख’, ‘मुळं’ असल्या शब्दांची चटक लागलीय. स्थलांतरित चित्रकाराने नुसतं सफरचंद काढलं तर ते कोणी घेतं का? त्याच्याकडून आंबाच हवा असतो. चित्रकार सय्यद हैदर रझा घ्या. पॅरिसला गेल्यावर सुरुवातीला फ्रेंच खेडी काढली, १९५६ ला तिथल्या समीक्षकांचं बक्षीस मिळवलं. आणि मग बिंदू, पंचतत्त्व, कुंडलिनी. ही ओढ होती की बाजारपेठ?

वैदर्भी

पेठेतले, रझांवर बोलायचं तर नागपूरवाल्यांना विचारा जी. जे.जे.च्या आधी ते आमच्या नागपूरच्या कला विद्यालयात होते. जन्म मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचा, वडील जंगल खात्यात. शाळेत लक्ष लागत नव्हतं म्हणून गुरुजींनी भिंतीवर ठिपका काढून त्याकडे बघत बसवलं, हा किस्सा ते स्वतःच सांगायचे. तो बिंदू बाजाराने दिलेला नाही. नंतर बाजाराने उचलला हे खरं, आणि शेवटच्या काळात तेच ते फार झालं हेही खरं.

पण १९८१ चं ‘माँ’ बघा. फ्रान्सला जाऊन तीस वर्षं झालेली. भाऊ-बहिणी फाळणीनंतर पाकिस्तानात गेलेले, म्हणजे परत यायचं तरी कोणाकडे! त्या मोठ्या कॅनव्हासवर काळा बिंदू आहे, तापलेले रंग आहेत आणि खाली देवनागरीत हिंदी कवी अशोक वाजपेयींच्या कवितेची ओळ लिहिली आहे, परतल्यावर काय घेऊन येईन असं आईला विचारणारी. पॅरिसमध्ये ती ओळ वाचणार कोण होतं? बाजारासाठी असती तर फ्रेंचमध्ये लिहिली असती.

पेठेतला

‘माँ’पुरतं मान्य. नंतरच्या बिंदूंबद्दल माझं मत कायम.

शेवंती

टर्पेंटाईन, वाद बाजूला ठेवून कामाचं विचारते. ते ब्लेडने खरवडणं मला करून बघायचंय. माझं एक जुनं वृंदावन आहे, ॲक्रिलिकमध्ये, फारच गोडमिट्ट झालंय. इमारत काढणार नाही, आधीच सांगते. पण थोडं पुसून बघते. ॲक्रिलिकवर चालेल का?

टर्पेंटाईन

ताई, ॲक्रिलिकवर ब्लेड नीट चालत नाही. तो थर रबरासारखा असतो, खरवडला की भुकटी न होता पापुद्रा निघतो, कधी कॅनव्हासपर्यंत फाटतो. त्याऐवजी बारीक वॉटरप्रूफ सँडपेपर पाण्यात बुडवून हलक्या हाताने गोल गोल घासा, मध्ये मध्ये ओल्या फडक्याने पुसा. कॅनव्हास चौकटीवर ताणलेला असेल तर मागे पुठ्ठ्याचा किंवा पुस्तकाचा आधार द्या, नाहीतर दाबाने खड्डा पडेल. तेलरंगात करायचं असेल तर थर आतपर्यंत वाळायला हवा, त्याला काही महिने जातात. घाई केली की चिकट लगदा होतो. आणि चित्रात जुना शिशाचा पांढरा रंग वापरलेला असेल तर त्या चित्राला ब्लेड किंवा सँडपेपर मुळीच लावू नका, ती भुकटी विषारी असते.